रुग्णाने आत्महत्या केली तर: मनोविकार विभागाने आणि एकट्या समुपदेशकाने आधी आणि नंतर करायची कामं

मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्याच्या वाट्याला रुग्णाची आत्महत्या येणं ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहण्यांमध्ये ५१ टक्के मनोविकारतज्ज्ञांनी आणि २२ टक्के मानसशास्त्रज्ञांनी किमान एक रुग्ण असा गमावल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. तरीही अशी घटना घडली की पहिला फोन कोणी करायचा, डॉक्टरला कोणी सांगायचं, नातेवाइकांशी कोण बोलणार, हे बहुतेक विभागांत त्या दिवशीच ठरवलं जातं. ठरवणारी माणसं तेव्हा स्वतःच हादरलेली असतात.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: उपचार करणाऱ्याला आधार देणं आणि घटनेची चौकशी करणं ही दोन कामं वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी करायची. ती एकत्र झाली की आधार म्हणून विचारलेला प्रश्नही उलटतपासणीसारखा ऐकू येतो, आणि चौकशीत खरं बाहेर येत नाही.

आधी: गुण मोजत बसू नका, विचारा

पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल हे ओळखीच्या धोक्याच्या घटकांवरून सांगणं नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरं, असा त्याचा निष्कर्ष होता. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या सूचना त्याच्याही पुढे जातात: प्रश्नावलीच्या गुणांवरून पुढचा धोका वर्तवू नका, ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी वर्गवारी करू नका आणि त्यावरून कोणाला घरी सोडायचं हे तर ठरवूच नका. प्रश्नावली संभाषण सुरू करायला चालते, निकाल द्यायला नाही. विभागातल्या प्रत्येकाला हे आधीपासून माहीत असावं. मृत्यूनंतर ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो सर्वांत जास्त लागतो.

विचारण्यासाठी खोलीत रुग्ण एकटा हवा. आपल्या ओपीडीत तीन नातेवाईक सोबत येतात आणि सून सासूसमोर काही बोलत नाही. ‘आम्ही सगळ्याच पेशंटशी दहा मिनिटं एकट्याने बोलतो’ असं सांगून बाकीच्यांना बाहेर बसवा. मग पायरीपायरीने जा. ‘जगणं नकोसं झालंय असं वाटतं का?’ उत्तर हो आलं तर ‘जीव द्यावा असा विचार मनात येतो का?’ मग ‘कसं करायचं हे मनात आलंय का? त्यासाठी काही आणून ठेवलंय का? कधी करायचं ठरवलंय? आधी कधी प्रयत्न केला होता का?’ आणि शेवटी ‘आतापर्यंत कशामुळे थांबलात?’ या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची योजना उभी राहते, म्हणून घाई असली तरी तो वगळू नका. विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

एक सापळा आपल्या भाषेत आहे. वयस्कर माणूस ‘आता देवानं उचललं तर बरं’ म्हणतो आणि आपण मान डोलावून पुढे जातो, कारण घरोघरी हे वाक्य ऐकलेलं असतं. तिथेच पुढचा प्रश्न विचारा. ‘माझ्यामागे पोरांचं बघा’, ‘आता तुम्हाला माझा त्रास नाही’ या वाक्यांचंही तसंच.

आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. नातेवाईक हे हौसेने करायला सांगतात, काही समुपदेशक ‘मी असं करणार नाही’ असं लिहून घेऊन सही घेतात. अशा लेखी हमीचा उपयोग होतो याला पुरावा नाही. तोटा मात्र ठरलेला: पुढच्या वेळी विचार आले की शपथ मोडल्याच्या लाजेने रुग्ण ते लपवतो.

सेफ्टी प्लॅन: अर्धा तास द्या, फॉर्म भरू नका

सेफ्टी प्लॅन म्हणजे जीव द्यायचे विचार पुन्हा आले तर काय करायचं, याची रुग्णासोबत बसून लिहिलेली योजना. त्यासाठी स्टॅनली आणि ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची सहा पायऱ्यांची पद्धत सर्वत्र वापरली जाते. बिघडायला लागलंय हे सांगणारी खूण, एकट्याने करता येण्याजोगी गोष्ट, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि घर सुरक्षित करणं. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, असा प्लॅन करून नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं.

हे करायला २० ते ४५ मिनिटं लागतात. घाईघाईत पाच मिनिटांत केलेला प्लॅन कुठे फसतो ते पाहा. पहिल्या ओळीत ‘डिप्रेशन वाढलं की’ असं डॉक्टरांच्या भाषेत लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘रात्री दोनला जाग येते आणि बँकेचा हप्ता डोक्यात फिरायला लागतो’ हवं, म्हणजे त्या रात्री त्याला स्वतःला ओळखू येईल. दुसऱ्या पायरीत ‘व्यायाम, ध्यान’ लिहिलेलं असतं, जे रात्री दोनला कोणी करत नाही. ‘अंगणात येऊन गोठ्यातल्या जनावरांना पाणी दाखवणे’ हे होण्यासारखं आहे. चौथ्या पायरीतला नंबर बंद निघतो. म्हणून प्रत्येक नंबर समोरच लावून बघा आणि त्या माणसाला सांगा की तुमचं नाव इथे लिहिलंय. पाचव्या पायरीत विभागाच्या नंबरासोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कागद फाइलमध्ये राहिला तर काही उपयोग नाही. रुग्णाच्याच मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

सहावी पायरी अवघड वाटते म्हणून मोघम राहते. ‘घरात काळजी घ्या’ या सूचनेतून काहीच घडत नाही. शेतकरी कुटुंब असेल तर थेट विचारा: फवारणीची औषधं कुठे ठेवता, कुलूप कोणाकडे असतं, या हंगामापुरती ती दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवता येतील का, कोण उचलून नेणार आणि कधी? घरातल्या गोळ्या कोणाच्या ताब्यात राहतील? औषधं एका वेळी सात दिवसांचीच द्या आणि जुनी पाकिटं परत आणायला सांगा. त्याच संध्याकाळी फोन करून झालं का ते विचारा, कारण नातेवाईक ‘हो हो’ म्हणून जातात आणि लग्नसराईत विसरतात. तीव्र इच्छेची लाट बहुधा थोडा वेळ टिकते, आणि त्या वेळी हाताशी काही नसणं हेच जीव वाचवतं. हे कुटुंबाला याच शब्दांत समजावलं तर ते मनावर घेतात.

रुग्ण नको म्हणाला तरी घरच्यांना सांगता येतं का, यावर बरेच जण अडतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि जिवाला असलेला धोका टाळण्यापुरती आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही आहे. ‘आवश्यक तेवढी’ हे लक्षात ठेवा: औषधं उचलून ठेवा, एकटं सोडू नका, एवढं सांगा, प्रेमप्रकरण किंवा कर्जाचा तपशील सांगायची गरज नाही. दाखल करायची वेळ आली आणि रुग्ण तयार नसला तर कलम ८९ ची पद्धत आहे, तातडीच्या उपचारासाठी कलम ९४ ची. त्यांचे फॉर्म कुठल्या कपाटात आहेत हे रात्रपाळीच्या रेसिडेंटला माहीत हवं.

डिस्चार्जनंतरचे तीन महिने

वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच आपण ‘पंधरा दिवसांनी या’ असं लिहून मोकळे होतो. ७२ तासांच्या आत एक फोन आणि सात दिवसांच्या आत पहिली भेट, असं ठरवून टाका. तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहा, आणि न आल्यास त्याच दिवशी कोण फोन करणार त्याचं नावही.

प्रयत्नातून वाचून कॅज्युअल्टीत आलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातली रचना आपल्याला जमण्यासारखी आहे. पाच देशांतल्या केंद्रांमध्ये चेन्नईही होतं. तासाभराचं एक संभाषण आणि मग नऊ वेळा फोन किंवा भेट: १, २, ४, ७ आणि ११ व्या आठवड्यात, नंतर ४, ६, १२ आणि १८ व्या महिन्यात. दीड वर्षांत आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण एरवीच्या उपचारात २.२ टक्के होतं, या गटात ०.२ टक्के. हे काम प्रशिक्षित सोशल वर्कर किंवा नर्स करू शकते. लागतं काय, तर एक रजिस्टर आणि एक मोबाइल, जो ओपीडीच्या गर्दीत कोणी उचलून नेणार नाही.

नोंद अशी लिहा की सहा महिन्यांनी परक्या माणसालाही विचारांची वाट दिसेल. ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ एवढ्या ओळीने काही सांगितलं जात नाही. हे पाहा:

‘जीव द्यायचे विचार रोज येतात, तयारी काही नाही. मुलीमुळे थांबते असं म्हणाल्या. संमतीने मोठ्या भावाशी फोनवर बोललो. घरातल्या गोळ्या आजपासून त्यांच्याकडे. सेफ्टी प्लॅन केला, फोटो रुग्णाच्या फोनवर. दाखल होण्याबद्दल बोललो, दोघेही नको म्हणाले. बुधवारी फोन, शुक्रवारी सकाळी भेट.’

सहा-सात ओळी, चार मिनिटं. रुग्णासाठी हीच चांगली सेवा आणि तुमच्यासाठीही हेच सर्वांत मोठं संरक्षण.

घटना कळल्यावर: पहिला दिवस

बातमीची खात्री एका जबाबदार माणसाने करून घ्यावी. मग उपचार करणाऱ्याला समोरासमोर, बंद खोलीत, वरिष्ठाने सांगावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपला १२ नंबरचा पेशंट…’ असा मेसेज वाचून कळणं ही जखम बराच काळ जात नाही. म्हणून ग्रुपवर काही टाकू नका हे आधी सगळ्यांना सांगा. ओपीडी चालू असेल तर उरलेले रुग्ण दुसऱ्याने बघावेत. त्या रात्री माणूस एकटा घरी गाडी चालवत जाणार नाही, एवढं बघा.

तेव्हा काय बोलायचं? ‘वाईट झालं. मी आहे. आज तुला काही ठरवायचं नाहीये.’ एवढं पुरतं. ‘असं होतंच’, ‘तुझी काही चूक नाही’ हे पहिल्या तासात बोलू नका. केसपेपर न बघता दिलेली माफी समोरच्याला पटत नाही. आणि ‘शेवटच्या भेटीत विचारलं होतंस ना?’ हा प्रश्न तर मुळीच नको.

केसपेपरची झेरॉक्स काढून मूळ प्रत विभागप्रमुखाच्या कपाटात कुलूपबंद करा. एक अक्षरही बदलू नका, आधीच्या तारखेची ओळ घालू नका. काही राहिलं असेल तर आजची तारीख आणि वेळ टाकून ‘नंतर केलेली नोंद’ म्हणून वेगळी लिहा. मागाहून घातलेली एक चांगल्या हेतूची ओळही संपूर्ण कागद संशयास्पद करते. मनातली अपराधीपणाची भावना केसपेपरवर लिहू नका. ती बोलायची जागा वेगळी आहे.

पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली तपास करतात. हे प्रत्येक आत्महत्येत होतं. याचा अर्थ तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असा नाही. कनिष्ठ डॉक्टरांना हे कोणी सांगितलेलं नसतं आणि चौकीतून फोन आला की ते गळून जातात. जबाबाला वरिष्ठाने सोबत जावं, तारखा आणि केलेले उपचार सांगावेत, अंदाज सांगू नयेत. नुकसानभरपाई विम्याची कंपनी किंवा संघटनेचा कायदा सल्लागार यांना त्याच दिवशी कळवा. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं आहे.

नातेवाइकांशी बोलणं

वकिलाच्या भीतीने गप्प बसणं ही सर्वांत मोठी चूक. शांतता म्हणजे लपवाछपवी असाच अर्थ घरचे लावतात, आणि तक्रारी बऱ्याचदा तिथून सुरू होतात. चोवीस तासांच्या आत वरिष्ठाने फोन करावा: ‘आम्हाला कळलं. फार वाईट वाटलं. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मी स्वतः भेटेन, आज नाही तर तुम्ही म्हणाल तेव्हा.’ दुःख व्यक्त करणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. मृत व्यक्तीने विश्वासाने सांगितलेलं मात्र मृत्यूनंतरही राखायचं.

भेटायला जायचं का? आपल्याकडे न जाणं लागतं. घरच्यांना विचारून, दोघांनी मिळून, थोडा वेळ जा. उपचारांची चर्चा तिथे काढू नका, फाइल नेऊ नका. राग असेल तर दहावा-तेरावा होऊ द्या, मग हॉस्पिटलमध्ये शांत खोलीत बोलवा. कोणी अंगावर येण्याची शक्यता वाटली तर सुरक्षारक्षक दाराबाहेर असू द्या. वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्याची माहिती विभागात असावी. केसपेपरची प्रत मागितली तर टाळाटाळ नको. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत रुग्णाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला ७२ तासांत कागद देण्याची तरतूद आहे. आणि विसरू नका, घरातल्या मागे राहिलेल्यांनाही आता धोका वाढलेला असतो. बायको, मुलं, भाऊ यांची विचारपूस कोण करणार, ते ठरवा.

घटना वॉर्डात घडली असेल तर बाकीच्या रुग्णांना त्याच दिवशी, तीन-चार जणांच्या गटात सांगा. कसं केलं याचा तपशील नको. पुढचे दोन आठवडे प्रत्येकाकडे जास्त लक्ष. ज्या मावशींनी किंवा मामांनी पहिल्यांदा पाहिलं, दार तोडलं, खाली उतरवलं, त्यांना बहुतेक ठिकाणी कोणीच विचारत नाही आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली पुसायला पाठवतात. त्यांची ड्यूटी बदला, त्यांच्याशी बसून बोला.

पुढचे दोन महिने

सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं’ हे सक्तीने बोलायला लावणारं एकच सत्र घेऊ नका. त्याचा उपयोग होत नाही, काहींना त्रास वाढतो, म्हणून नाइसच्या सूचनाही त्याला नको म्हणतात. त्याऐवजी एक ठरावीक सहकारी नेमा, जो चौकशीत नसेल आणि ज्याच्या हातात त्या माणसाची बढती किंवा परीक्षा नसेल. त्याने पहिल्या आठवड्यात दोनदा, मग आठवड्याला एकदा, पुढे महिन्याच्या शेवटी भेटावं. बोलायचं नसेल तर चहा घ्यावा आणि उठावं.

काम पूर्ण थांबवायला लावू नका, ते शिक्षेसारखं वाटतं. आत्महत्येचे विचार असलेले नवे रुग्ण मात्र एक-दोन आठवडे दुसऱ्यांकडे द्या. झोप न लागणं, शेवटची भेट डोक्यात पुन्हा पुन्हा चालू राहणं, फोन वाजला की धस्स होणं, लाज, रुग्णावरचा राग, कधी सुटका झाल्यासारखं वाटणं आणि त्याची पुन्हा लाज: हे सगळं होतं. वरिष्ठाने ते मोठ्याने, नावानिशी सांगावं. रेसिडेंटच्या बाबतीत आणखी एक वाक्य लागतं: ‘हा निर्णय माझ्या सहीचा होता.’

कामावर दोन उलट परिणाम होतात. कोणी प्रत्येक उदास माणसाला दाखल करायला लागतं. कोणी तो प्रश्नच विचारायचं टाळतं, कारण उत्तर ऐकायची ताकद नसते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो दिसत नाही. महिनाभर आठवड्याला तीन-चार केसपेपर सोबत बसून बघा. आत्महत्येच्या विचारांची नोंद गाळलेली दिसली तर त्या भेटीत शेजारी बसा.

चौकशीची बैठक चार ते सहा आठवड्यांनी, दीड तासाची. आधी कागदावरून घटनाक्रम लावा आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी, त्या वेळी माहीत असलेल्या गोष्टींवरून हा निर्णय समजण्यासारखा होता का? शेवट माहीत असल्यावर प्रत्येक खूण ठळक दिसते, ही फसगत अध्यक्षाने सुरुवातीलाच बोलून दाखवावी. मग व्यवस्थेकडे वळा. फॉलोअपचा फोन का झाला नाही? रजिस्टर कोणाकडे होतं? शनिवारी डिस्चार्ज झाला तेव्हा सोशल वर्कर होती का? निष्कर्ष दोन-तीनच काढा, प्रत्येकासमोर नाव आणि तारीख. उपचार करणाऱ्याने यायचं की लेखी द्यायचं हे त्याला ठरवू द्या. आला तर त्याचा आधाराचा सहकारी शेजारी बसेल.

एकट्याने काम करणारे

तालुक्याच्या गावी एका खोलीत बसणाऱ्या समुपदेशकाला विभाग नसतो, वरिष्ठ नसतो आणि गावात बातमी आधीच पोचलेली असते. त्यांनी आज एक पान लिहावं. दोन सहकाऱ्यांची नावं, त्यातलं एक दुसऱ्या जिल्ह्यातलं. त्यांच्याशी आधी बोलून ‘असं झालं तर त्या रात्री मी फोन करेन, तू पुढचे तीन दिवस माझ्या अपॉइंटमेंट बघशील’ असा करार. औषधं देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाचा नंबर. विमा आणि वकिलाचा नंबर. महिन्यातून एकदा एका अनुभवी व्यक्तीसमोर अवघड केस मांडायची सवय असेल तर त्या रात्रीचा फोन करायला संकोच वाटत नाही.

आणि जो रुग्णाला विचारायचा तो प्रश्न सहकाऱ्यालाही विचारा. आधी नैराश्य होऊन गेलेलं असेल, दारू वाढलेली दिसली, ‘मी या कामाच्या लायकीचा नाही’ हे वारंवार आलं, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हो म्हटलं तर त्याच्यासाठीही तोच सेफ्टी प्लॅन, तीच औषधांची विल्हेवाट; डॉक्टरच्या घरात आणि बॅगेत गोळ्या हाताशी असतात. उपचारासाठी आपल्याच हॉस्पिटलात जायला तो कचरेल, म्हणून दुसऱ्या शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ तुम्हीच घ्या आणि पहिल्या भेटीला सोबत जा.